खार, चुना, कॉस्टिक : बेकरीतल्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी २०२५

काम काय आहे ते एकदा लिहून ठेवतो, म्हणजे वही मधूनच उघडणाऱ्यालाही कळेल. बेळगावच्या टिळकवाडीतल्या आमच्या बेकरीत प्रेट्झेल, म्हणजे गाठीसारखे वळलेले खारे जर्मन पाव, सुरू करायचे आहेत. कॅम्पातल्या एका कॅफेकडून विचारणा आली आहे. प्रेट्झेलचा तो गडद तांबूस, तकाकीचा रंग नुसत्या आंचेनं येत नाही. कच्चा आकार भट्टीत जाण्याआधी कॉस्टिकच्या पाण्यातून काढावा लागतो. कॉस्टिक म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड, मोरी तुंबली की ओततात तेच. घरी हे सांगितल्यावर वहिनीनं सरळ विचारलं, "भावजी, गिऱ्हाइकाला मोरीचं औषध खायला घालणार व्हय?"

प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर मोजून, करून बघूनच द्यायचं.

याच वहीत दुसरं काम. खानापूरकडची आत्या बचत गटात उडदाचे पापड करते. गेल्या उन्हाळ्यात तिचे पापड एका घाण्याला छान फुलायचे, पुढच्या घाण्याला लाल पडायचे, कडवट लागायचे. पीठ तेच, मिरी तीच, लाटणाऱ्या बायकाही त्याच. तिचा संशय पापडखारावर. दोन्ही कामं एकत्र लिहितोय, कारण मुळात दोन्हीकडे एकच प्रश्न आहे : आम्लारी (म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ : कॉस्टिक, खार, चुना) किती तीव्र आणि किती मोजून.

७ फेब्रुवारी

रविवार पेठेत कॉस्टिक पाहिजे तेवढं मिळतं. साबण करणारे नेतात, जुना रंग उतरवणारे सुतार नेतात, लॉजवाले मोऱ्यांसाठी नेतात. पोत्यातून सुटं, पांढऱ्या पापुद्र्यांच्या रूपात, कागदात बांधून देतात. घेतलं नाही. मोरीला हे चालतं, खाण्याला नाही, कारण त्यात आणखी काय आहे याचं उत्तर दुकानदाराकडे नसतं आणि असायचं कारणही नाही.

खाद्य दर्जाचा माल वेगळा असतो. डब्यावर तसं छापलेलं असतं, सोबत तपासणीचा कागद येतो. अन्नपदार्थांत वापरायच्या घटकांच्या आंतरराष्ट्रीय यादीत सोडियम हायड्रॉक्साइडचा क्रमांक ५२४, खायच्या चुन्याचा ५२६, आणि सोडियम कार्बोनेट व खायचा सोडा (सोडियम बायकार्बोनेट) दोन्ही ५०० खाली. नूडल्सचं पाकीट उलटं करून बघा, मागं ५०० आणि ५०१ हे आकडे बहुतेक वेळा सापडतात. नूडल्सना तो पिवळसर रंग आणि दाताला जाणवणारा ताठपणा याच खारांनी येतो. जपानी रामेनमधेही तेच. म्हणजे वहिनीच्या मुलाच्या डब्यात खार आधीपासूनच जातोय. तिला हे सांगितलं. ती म्हणाली, "तो खार, हे कॉस्टिक." बरोबर बोलली, फरक आहेच. तोच नीट समजून घ्यायचा आहे.

माल बेंगळुरूहून मागवला.

१४ फेब्रुवारी

डबा आला. आत साबुदाण्याएवढे पांढरे दाणे. झाकण उघडून दोन दाणे काचेच्या बशीत ठेवले आणि चहा पिऊन आलो, तोवर दाण्यांना घाम सुटला होता. थोड्या वेळानं बशीत दाणे नाहीत, चिकट पाण्याचे दोन ठिपके. हवेतलं बाष्प हे इतक्या हावरेपणानं ओढतं. पाण्याबरोबर हवेतला कार्बन डायऑक्साइडही ओढतं आणि हळूहळू कार्बोनेट होऊन बसतं. म्हणून डबा उघडला की मोजायचं आणि लगेच बंद करायचं. अर्धा दिवस उघड्या राहिलेल्या डब्यातले चाळीस ग्रॅम हे चाळीस ग्रॅम कॉस्टिक नसतंच.

द्रावण : पाणी ९६० ग्रॅम, दाणे ४० ग्रॅम. चार टक्के. जर्मनीतले बेकरही चार टक्क्यांच्या वर जात नाहीत, तिथल्या नियमातली मर्यादाच तेवढी आहे.

क्रम महत्त्वाचा. आधी थंड पाणी, मग त्यात दाणे थोडे थोडे सोडून ढवळायचं. दाण्यांवर पाणी ओतायचं नाही. चाळीस ग्रॅम दाणे विरघळले तेव्हा लिटरभर पाण्याचं तापमान दहा अंशांनी चढलं. ही उष्णता लिटरभर पाण्यात पसरली म्हणून दहाच अंश. तेवढ्याच दाण्यांवर अर्धा कप पाणी ओतलं असतं तर सगळी उष्णता त्या अर्ध्या कपात कोंडली असती आणि उकळून तोंडावर उडाली असती.

भांडं स्टेनलेस स्टीलचं. आमच्याकडे निम्मी भांडी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची. ती या कामाला बाद. कारागिरांना नुसतं सांगून पटत नाही, म्हणून फुटक्या जर्मनच्या झाकणावर चमचाभर द्रावण ओतून दाखवलं. आधी काहीच झालं नाही. पोरं हसायला लागली. मग बारीक बुडबुडे, मग सगळं फसफसलं, धातूचा रंग काळवंडला. तो वायू हायड्रोजन, म्हणजे पेट घेणारा, आणि भट्टी चार हातांवर. झाकण अंगणात नेऊन धुतलं. ट्रेचंही तेच. जर्मनीतल्या बव्हेरियात तपासणीला घेतलेल्या अशा पावांत ॲल्युमिनियम वाजवीपेक्षा जास्त सापडल्याचं पूर्वी उघडकीला आलंय, कारण कॉस्टिकमधून काढलेला ओला पाव थेट ॲल्युमिनियमच्या ट्रेवर भाजायचा. आपण स्टीलची जाळी वापरायची.

१५ फेब्रुवारी

पहिला घाणा. मळलेलं पीठ वळून फ्रिजमधे घट्ट केलं, नाहीतर बुडवताना आकार ढासळतो. जाळीच्या झाऱ्यावर ठेवून पंधरा-वीस सेकंद बुडवायचं, निथळायचं, जाडं मीठ, ब्लेडनं एक चीर, मग २२० अंशांची भट्टी.

हातमोजे आणि चष्मा दोघांनाच दिले. बाकीच्यांनी त्या टेबलाजवळ यायचं नाही.

रंग बघून कारागीर थक्क. पाव नेहमी सोनेरी होतो, हा महोगनीच्या लाकडासारखा निघाला. पृष्ठभागावरचा स्टार्च कॉस्टिकनं तिथल्या तिथं फुलतो आणि तकाकी देतो. प्रथिनं आणि साखर यांच्यातली जी क्रिया पावाला खरपूस रंग आणि वास देते ती आम्लारीत कितीतरी वेगानं होते. मग कॉस्टिक जातं कुठं? काही पिठातल्या स्टार्च-प्रथिनांशी खर्ची पडतं, उरलेलं भट्टीतल्या कार्बन डायऑक्साइडशी मिळून कार्बोनेट-बायकार्बोनेट होतं. म्हणजे पापडखाराच्या जातीचंच काहीतरी, आणि तेही कवचापुरतं, अगदी थोडं.

हे खरं की नुसतं पुस्तकी, ते हळदीनं बघितलं. हळद आम्लारीत लाल होते. साबण लागलेल्या हळदीच्या डागाचा अनुभव प्रत्येकाला आहे. कुंकूसुद्धा हळद आणि चुन्यातूनच करतात. बुडवून काढलेल्या कच्च्या आकाराला ओली हळद लावली तर क्षणात रक्तासारखी लाल. भाजून थंड झालेल्याला लावली तर पिवळी ती पिवळीच, चिरेपाशी जराशी नारिंगी छटा. वहिनीला बोलावून दाखवलं. तिनं एक तुकडा तोडून खाल्ला. काही बोलली नाही, दुसरा तोडला.

एक नियम इथंच ठरला : बुडवलेलं आणि न भाजलेलं पीठ म्हणजे कॉस्टिकच. चाखायचं नाही, उघड्या हातानं उचलायचं नाही, उरलं म्हणून म्हशीच्या पाटीत टाकायचं नाही.

२ मार्च, खानापूरकडे

आत्याकडे. मी वजनकाटा काढल्यावर ती म्हणाली, "खार म्हंजे खार. त्यात काय बघायचं असतंय?" तिच्याकडे तीन वेगवेगळ्या दुकानांतला पापडखार होता. एक मऊ पावडर, दुसरा जरा भरड, तिसरा ओलसर चमकते खडे. तिन्हींवर नाव एकच. गटातल्या बायका तिन्ही एकाच चमच्यानं घालतात.

पापडखाराचं काम काय, ते तिला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे : खाराशिवाय उडदाचं पीठ लाटताना फाटतं, तळल्यावर दगड होतं. खार पडला की गोळा ताणला जातो, पापड पातळ लाटता येतो आणि तेलात पडल्यावर अंगभर फुलतो. जास्त झाला की लाली येते, जिभेला साबणासारखं लागतं, घशाला ओढतं. तिची सासू बाजारचा खार न वापरता केळीची सोपटं वाळवून जाळायची आणि त्या राखेचं निवळलेलं पाणी पिठात घालायची. आसामात 'कोलाखार' म्हणून हेच पाणी अजून रोजच्या जेवणात असतं. राखेच्या पाण्यात मुख्यतः पोटॅशियम कार्बोनेट. जुन्या काळी साबण करतानाही हीच राख, आणि त्यात चुना मिसळला की खरं कॉस्टिक. म्हणजे हे रसायन कारखान्यातून आलेलं नाही, ते चुलीच्या राखेतच होतं.

तिन्ही नमुने घेऊन आलो.

४ मार्च

मोजणीला प्रयोगशाळा लागली नाही, बेकरीची भट्टी पुरली. तिन्ही नमुने वजन करून स्टीलच्या वाट्यांत, १५० अंशांवर तासभर.

कारण असं : खायचा सोडा तापला की पाणी आणि कार्बन डायऑक्साइड सोडून कार्बोनेट होतो आणि वजन सुमारे ३७ टक्क्यांनी घटतं. कोरडा कार्बोनेट आधीच कार्बोनेट असल्यानं जवळजवळ घटत नाही. धुण्याचा सोडा म्हणजे पाणी धरून बसलेला कार्बोनेटच; त्याच्या खड्यांत निम्म्याहून जास्त पाणीच असतं, ते उडालं की ६३ टक्के वजन जातं.

मऊ पावडर : एक तृतीयांशाहून जास्त घट. हा खायचा सोडाच, पापडखार म्हणून विकलेला. भरड : नगण्य घट, म्हणजे कार्बोनेट. खडे : आधी स्वतःच्याच पाण्यात वितळले, वाटीत डबकं झालं, मग आटून पांढरा थर, वजन निम्म्याच्याही खाली. हा धुण्याचा सोडा. खाण्याच्या वस्तूंच्या दुकानात, खाण्याच्या नावानं.

आता आत्याच्या पापडांचं कोडं सुटतं. दहा ग्रॅम खायच्या सोड्यात जेवढी आम्लारी, तिच्या दीडपटीहून जास्त दहा ग्रॅम कोरड्या कार्बोनेटमधे. खड्यांशी तुलना केली तर जवळजवळ पावणेतीनपट. बायकांचा चमचा बदलत नव्हता, चमच्यातला माल बदलत होता. पुडी संपली की जवळच्या दुकानातून दुसरी यायची आणि नवा घाणा वेगळाच व्हायचा.

९ मार्च

उपाय आत्यालाच सुचला. मी नुसतं सांगत होतो की खायचा सोडा भाजला की कार्बोनेट होतो. ती म्हणाली, "मग दुकानात कशाला जायचं? सोड्याची पाकिटं तुझ्या भट्टीत घाल की."

खरंच. छापील पाकिटातला खाद्य दर्जाचा सोडा, १६ ग्रॅम, १५० अंश, एक तास, हाती १० ग्रॅम कार्बोनेट. आकडा कागदावर आला तसाच काट्यावर आला. आता रात्री भट्टी निवताना दोन ट्रे सोडा आत जातो, सकाळी बरणीत. पिठाला प्रमाण किलोमागे दहा ग्रॅम, चमच्यानं नव्हे, सोनार वापरतात तसल्या छोट्या काट्यावर. भाजलेला सोडाही डोळ्यात उडाला तर चांगलाच झोंबतो आणि कोरड्या हाताची कातडी सोलवटतो, म्हणून भरताना नाकाला फडकं, हातात मोजे.

पापड : सगळे घाणे एकसारखे. याहून जास्त लिहिण्यासारखं काही नाही, आणि तेच हवं होतं.

२२ मार्च

कारागिराच्या मनगटावर मोज्याच्या वरच्या बाजूनं थेंब उडाला. जळजळ लगेच झाली नाही. त्यानं दुसऱ्या हाताच्या बोटानं चोळून बघितलं आणि म्हणाला, "तेल लागल्यावानी गुळगुळीत लागायलंय." तो गुळगुळीतपणा तेलाचा नव्हे. कातडीवरच्या स्निग्धांशाचा साबण होऊ लागलेला असतो. तिथंच नळाखाली हात धरायला लावला, पंधरा मिनिटं, घड्याळ बघून. पाच मिनिटांनी तो काढायला बघत होता, कारण दुखत नव्हतं. आम्लारीची खोड हीच आहे. आम्ल पडलं की माणूस ओरडतो आणि आम्ल वरचेवर कातडी गोठवून स्वतःची वाट काहीशी अडवतं. कॉस्टिक ऊतकं विरघळवत खोल जातं आणि सुरुवातीला बोंब होत नाही.

शेजारचा म्हणाला, व्हिनेगर लावा, लिंबू पिळा. अजिबात नाही. कातडीवर किंवा डोळ्यात आम्लारीवर आम्ल ओतलं की जागेवरच उष्णता तयार होते, आणि किती ओतायचं याचं माप कुणाकडे असतं? पाणी, भरपूर, वाहतं, बराच वेळ. व्हिनेगर फक्त टेबलावर सांडलेल्यासाठी.

थोडी लाली राहिली, संध्याकाळी गेली. आता मोजे कोपरापर्यंतचे.

६ एप्रिल, निपाणी

चुलतबहिणीच्या सासरी. तंबाखूचं गाव, त्यामुळे चुना घरोघरी : डबीत, पुडीत, ट्यूबमधे. दुपारी पडवीत तिचा चार वर्षांचा मुलगा चुन्याची ट्यूब हातात घेऊन दाबत बसला होता. तोंड घट्ट, बूड फुगलेलं, आणि चेहरा अगदी त्यावर वाकलेला. हातातून काढून घेतली. अशी ट्यूब किंवा पुडी फुटून लहान मुलांच्या डोळ्यात चुना उडाल्याच्या केसेस देशभरातल्या नेत्रतज्ज्ञांनी नोंदवल्या आहेत. बुबुळ पांढरं पडतं, दृष्टी जाऊ शकते. चुन्याचे कण पापणीखाली चिकटून बसतात आणि तिथं झिरपत राहतात, म्हणून नुसतं एकदा पाणी मारून भागत नाही. पापणी उलटून कण काढावे लागतात, धुणं चालू ठेवत डॉक्टरांकडे न्यावं लागतं.

बहिणीला म्हटलं, कॉस्टिकच्या नावानं घर हादरतं आणि चुन्याची ट्यूब खेळणं होते.

खाण्यातल्या चुन्याची गोष्ट मात्र वेगळी, आणि ती मला फार आवडते. चुना पाण्यात विरघळतो तो लिटरमागे दीड-पावणेदोन ग्रॅमच, त्यापुढे कितीही घाला, तळाला बसतो. वरची निवळी कितीही प्रयत्न केला तरी ठराविक हद्दीपेक्षा तीव्र होत नाही. कोहळ्याचा पेठा करताना फोडी निवळीत भिजवतात, गुऱ्हाळात उसाच्या रसाची मळी धरायला निवळी घालतात, तिथं अंदाजाचा हात चालतो तो यामुळे. चुना स्वतःच आवर घालतो. कॉस्टिकला असा आवर नाही. लिटरभर पाण्यात ते किलोभर विरघळतं आणि वर आणखी मावतं. पाणी दिसायला तेवढंच स्वच्छ. म्हणून चुन्याचं काम आज्जीच्या हाताच्या अंदाजानं शतकानुशतकं चाललं, कॉस्टिकचं तसं चालणार नाही. वहिनीला पहिल्या दिवशी द्यायचं उत्तर मला इथं निपाणीत सापडलं.

१२ एप्रिल

निपाणीहून येताना संकेश्वरजवळ मक्याचं पोतं घेतलं होतं, त्यातला दोन किलो मका चुन्यात उकळून बघितला. मक्याच्या वजनाच्या एक टक्का चुना, चाळीस मिनिटं उकळ, रात्रभर तसाच. सकाळी दाणे चोळले तर साल बोटांतून सुटून आली. धुऊन पाट्यावर वाटल्यावर पीठ चक्क चिकट, थापता येणारं. मक्याची भाकरी थापताना कडा फाटतात हे ज्याला माहीत आहे त्यालाच याचं महत्त्व कळेल. मेक्सिकोकडचे लोक ख्रिस्तपूर्व काळापासून मका असाच शिजवतात.

नुसत्या भाकरीचा प्रश्न नव्हता तो. मक्यातलं नायसिन हे जीवनसत्त्व बांधलेलं असतं, चुन्यानं ते मोकळं होतं. मका अमेरिकेतून युरोपात गेला, चुना मागेच राहिला, आणि मक्यावरच जगणाऱ्या गरिबांत पेलाग्रा पसरला : कातडी काळी पडून सोलणारी, जुलाब, शेवटी वेड. आपल्याकडे दख्खनमधल्या ज्वारी खाणाऱ्यांतही पेलाग्रा सापडला होता. हैदराबादमधे गोपालन आणि श्रीकांतिया यांनी १९६० मधे त्याचा संबंध ज्वारीतल्या ल्युसिन या अमिनो आम्लाशी जोडणारा विचार मांडला. पुढं त्यावर वाद झाला. भाकरीबरोबर डाळ, दूध, शेंगदाणे असले की हा आजार सहसा होत नाही. आत्याला वाटतं यातून मक्याचे पापडही होतील. बघू, या प्रकल्पात नको.

११ मे, खानापूरकडे

आज जे बघितलं ते नीट लिहितो.

पापड वाळत घातले होते, ऊन टळटळीत, बायका आत-बाहेर करत होत्या. ओसरीत पाण्याच्या बाटल्यांची ओळ. त्यात एक बाटली थोडी वेगळी : झाकण निळं, लेबल अर्धं फाटलेलं, पाणी स्वच्छ. मी उचलली तर बाहेरून गुळगुळीत. झाकणाच्या आट्यांना पांढरी पूड. वास काहीच नाही.

न्हाणीघराची मोरी साफ करायला कुणीतरी बाजारातून आणलेलं कॉस्टिकचं पाणी होतं ते. दुकानदारानं रिकाम्या पाण्याच्या बाटलीत भरून दिलेलं. ना नाव, ना खूण. किती तीव्र, कोण जाणे. ओसरीत कशी आली, तेही कुणाला सांगता येईना. सगळ्यांत तहानलेली माणसं म्हणजे उन्हातून येणाऱ्या शाळकरी पोरी.

कॉस्टिकचा एक घोट अन्ननलिका जाळतो. माणूस वाचला तरी जखम भरताना नळी आक्रसते, मग घास उतरत नाही, वर्षानुवर्षं नळी रुंद करायला दवाखान्याच्या खेपा. बायकांना बसवून एवढंच सांगितलं : असं कुणी प्यालं तर मीठपाणी पाजून ओकारी काढायची नाही, कारण जे जाताना जाळतं ते येतानाही जाळतं. लिंबू, ताक, चिंच काही नाही. तोंड पाण्यानं धुवायचं, १०८ ला फोन, आणि बाटली सोबत न्यायची, म्हणजे काय पोटात गेलं ते डॉक्टरांना कळेल.

आत्या दुकानात गेली आणि त्याला गावाच्या भाषेत चार शब्द ऐकवले. ते या वहीत लिहिण्यासारखे नाहीत.

माझ्या मते सगळ्या प्रकल्पातली सर्वांत धोक्याची वस्तू ही बाटली होती. आमचं चार टक्क्यांचं उघडं भांडंही तिच्यापुढं काही नाही.

१३ मे

बेकरीत : कॉस्टिकचा डबा मैद्याच्या खोलीतून काढून लोखंडी पेटीत, किल्ली माझ्याकडे आणि थोरल्या भावाकडे. द्रावण दिवसाचं दिवशी करायचं, उरलेलं बाटलीत भरून ठेवायचं नाही. कशातही भरून ठेवायचं नाही.

पेटीवर सूचना मराठीत लिहिली तर सौंदत्तीकडच्या दोन पोरांनी तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांना मराठी बोलता येतं, वाचता येत नाही. त्यातल्याच एकाकडून कन्नडमधे लिहून घेतलं. त्यानं माझ्या पाच ओळींच्या जागी दोनच लिहिल्या, वर कवटी काढली. त्याचीच पाटी जास्त चांगली आहे.

२८ मे

यंदा पाऊस मे महिन्यातच आला. हवा इतकी ओली की प्रेट्झेलवरचं मीठ दुपारपर्यंत पाझरून कवच चिकट. डब्यातल्या कॉस्टिकचे दाणे एकमेकांना धरून बसायला लागले. आता वजनावर भरवसा ठेवणं कठीण.

३ जून

उरलेलं द्रावण टाकायचं कसं, याचा हिशोब. बाजारच्या व्हिनेगरमधे आम्ल सुमारे चार टक्के. चार टक्क्यांचं एक लिटर कॉस्टिक विझवायला असलं व्हिनेगर दीड लिटर लागतं. रोज एवढं व्हिनेगर ओतणं परवडणारं नाही. म्हणून द्रावण गरजेपुरतंच करायचं, छोट्या खोल भांड्यात, म्हणजे उरतच नाही. जे थोडं उरतं ते भरपूर पाण्यात पातळ करून मोरीत सोडायचं. ॲल्युमिनियमच्या बादलीतून नव्हे.

वहिनी म्हणाली, "शेवटी मोरीतच गेलं की."

१० जून

पावसाळ्यापुरता भाजलेल्या सोड्याचा प्रयोग. लिटरला शंभर ग्रॅम, तेवढ्याच वेळ बुडवून. रंग तांबूस येतो, पण कॉस्टिकसारखा खोल नाही. तकाकी कमी. चव पंचवीस वर्षं पाव करणाऱ्या आमच्या म्हाताऱ्या कारागिराला ओळखू आली, बाकी कुणाला नाही. कॅफेवाल्यालाही दोन्ही न सांगता दिले. त्यानं सोड्याचा उचलला, म्हणाला, कॉफीबरोबर हा बरा.

मला अजून कॉस्टिकचाच आवडतो. पण नवी पोरं शिकायला येतात त्या महिन्यांत रोज ते भांडं उघडं ठेवण्याएवढा आवडत नाही.

१७ जून

ठरलं. रोजचे प्रेट्झेल भाजलेल्या सोड्याचे. कॉस्टिक फक्त शनिवारी, आगाऊ ऑर्डरवर, पहाटे बेकरी उघडण्याआधी. बुडवणारा एक, भट्टीवाला एक, आणि नळाजवळची जागा रिकामी. दोन ट्रे सोडा रोज रात्री भट्टीत : एक आपला, एक आत्याचा. तिची जुलैची ऑर्डर आली आहे, पण ऊन नाही, म्हणून पापड भट्टीच्या माळ्यावर वाळवून बघायचे का, हे ती उद्या फोन करून सांगणार आहे.